पाठवणारा नाही, पुढे चालू

४ जून

दादा,

तीर्थरूप वगैरे काही लिहिणार नाही. तब्येतीची चौकशीही करणार नाही. तीन वर्षं केली नाही, आजही करत नाही.

कागदावर का लिहितेय, असं तुला वाटेल. मेल केला असता तर तू माझी एकेक ओळ तोडून तिच्याखाली तुझं उत्तर चिकटवलं असतंस. समोरचा माणूस पोटतिडकीने काही सांगत असतो आणि तू त्याचे सतरा मुद्दे करतोस. कागदाचे तुकडे करायचे तर कर, पण मग ते जमिनीवरून तुलाच गोळा करावे लागतील.

सोमवारी सकाळी आमच्या हॉस्पिटलच्या दूधपेढीतल्या दोनशे बारा बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. मी तिथे उभी होते. दूधपेढी म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल. ज्या आयांना बाळाला पुरून उरेल इतकं दूध येतं त्या इथे येऊन ते देतात. ते तापवून, तपासून उणे वीसवर गोठवून ठेवतात. वेळेआधी जन्मलेली, तळहाताएवढी पोरं असतात ना, ज्यांच्या आया अजून स्वतः शुद्धीवर नसतात, त्यांना ते नळीतून थेंब थेंब देतात. एकदा वितळलेलं दूध परत गोठवता येत नाही. ओतूनच द्यावं लागतं.

शनिवारी दुपारी फ्रीझरचा रिले, म्हणजे आतला विजेचा खटका, जळला. सोमवार सकाळपर्यंत सुट्टी, खोलीला कुलूप. फ्रीझरची स्वतःची शिट्टी वाजत राहिली, बंद दाराआड. त्यासाठीच तर भिंतीवर तळहाताएवढा कॉम्प्युटर लावलाय. तो दर पाच मिनिटांनी तापमान बघतो आणि पारा उणे पंधराच्या वर चढला की तीन फोनांवर मेसेज टाकतो. एक फोन इनचार्ज सिस्टरांचा, एक देखभालीच्या इंजिनिअरचा, एक माझा. मी इथली कॉम्प्युटरवाली. कीबोर्डवर चहा सांडला तरी मला बोलावतात आणि सर्व्हर बसला तरी मलाच.

तिन्ही फोन गप्प राहिले. सोमवारी सिस्टरांनी दार उघडलं तेव्हा बाटल्यांमधलं दूध हलत होतं.

मी लॉग, म्हणजे त्या कॉम्प्युटरची नोंदवही, उघडला. तुला ऐकवते.

शनिवार, दोन वीस. उणे चौदा. मेसेज पाठवायचा आहे. पाठवणारा नाही. पुढे चालू.

शनिवार, दोन पंचवीस. उणे चौदा. मेसेज पाठवायचा आहे. पाठवणारा नाही. पुढे चालू.

अशा चारशे शहाण्णव ओळी आहेत. मी मोजल्या. शेवटच्या ओळीत अधिक अकरा आहे आणि तरीही पुढे चालू!

पाठवणारा का नाही? कारण मेसेज पाठवणारं पॅकेज, म्हणजे तेवढंच काम करणारा छोटा प्रोग्राम, बसलंच नव्हतं. का बसलं नव्हतं? कारण मे महिन्यात तो कॉम्प्युटर मी तुझ्या पॅकेज मॅनेजरच्या नव्या आवृत्तीवरून पुन्हा उभा केला.

आठ वर्षांपूर्वी गॅलरीतल्या लोखंडी टेबलावर आपण दोघांनी हे पॅकेज मॅनेजर लिहिलं. कुठलाही प्रोग्राम एकट्याने चालत नाही, त्याला आणखी दहा जणांची मदत लागते. ते दहा कोण याची यादी वाचायची आणि ते आणून बसवायचे, एवढंच त्याचं काम. यादीत आपण तीन प्रकार ठेवले होते. गरजेचं, म्हणजे ज्याच्यावाचून प्रोग्राम सुरूच होत नाही. शिफारशीचं, म्हणजे सुरू होईल, पण शहाण्या माणसाने ते बसवावंच. आणि ऐच्छिक, हवं त्याने मागून घ्यावं. शिफारशीच्या पॅकेजांवरून आपण चार दिवस भांडलो होतो. आई म्हणाली होती, "काय ते एकदाचं ठरवा रे, मला टेबल हवंय." आणि ठरलं. शिफारशीचं आपोआप बसेल. ज्याला नको त्याने तसं सांगायचं.

तू ते उलटं केलंस. आता शिफारशीचं आपोआप बसत नाही, ज्याला हवं त्याने सांगायचं. आणि ही बातमी कुठे दिलीस? नव्या आवृत्तीच्या टिपणात, दोनशे चौदाव्या ओळीला. तिच्या वर एका स्पेलिंगची दुरुस्ती, खाली बटणाचा रंग.

मला विचारायचं तुला कारण नव्हतं म्हणा. पॅकेज मॅनेजर सांभाळणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव तू आधीच काढलं होतंस. "दोन वर्षं प्रतिसाद नाही" असा शेरा मारून. ती दोन वर्षं मी आईला कुशीवर वळवत होते, दादा. दर दोन तासांनी. तू दोनदा येऊन गेलास.

खवट


११ जून

दादा,

उत्तर मिळालं. दीड पान, टाइप केलेलं, मुद्द्यांना आकडे घातलेले. सही तेवढी शाईची. आभारी आहे.

तुझा मुद्दा क्रमांक तीन: "शिफारस म्हणजे शिफारस. ती पाळली नाही तरी चालतं, म्हणून तर तिला गरज म्हणत नाहीत." हे वाचून डोक्यात अशी तिडीक गेली की मी पत्र डेस्कवर उलटं घालून व्हरांड्यात दोन चकरा मारून आले.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. एक साधं कॅलेंडर मागवावं आणि त्याच्यामागून प्रिंटर, फॉन्ट, आवाजाची यंत्रणा अशी वरात दारात उभी राहावी, हे मीही भोगलंय. छोट्या मशीनमध्ये जागा नसते, हेही खरं. जो तो आपल्या आवडीचं पॅकेज शिफारशीत घुसडतो, हे तर शंभर टक्के खरं. नियम बदलायला माझी ना नव्हती. पण तू शब्द तोच ठेवलास आणि त्याचा अर्थ फिरवलास. ज्यांनी आठ वर्षं "शिफारशीचं" असं लिहिलं, त्यांनी ते बसणारच या भरवशावर लिहिलं होतं. अशी हजारो पॅकेजं आहेत. त्यांच्या यादीतलं एक अक्षर बदललं नाही आणि सगळ्या याद्या खोट्या पडल्या. आणि खोट्या पडल्या तेव्हा कुणी ओरडलं नाही, कारण शिफारशीचं नसलं तरी प्रोग्राम चालतोच. तेवढ्यासाठी तर आपण तो प्रकार केला होता!

आता इथलं सांगते, म्हणजे तुझ्या मुद्दा क्रमांक पाचला, "प्रत्यक्ष नुकसान मर्यादित असावे" याला, उत्तर मिळेल.

इथे एक बाई येतात. शिवणकाम करतात, बोटाला कायम अंगुस्तान. त्यांचं बाळ आमच्याकडे तेवीस दिवस होतं. चोविसाव्या दिवशी त्या एकट्याच आल्या आणि सिस्टरांना म्हणाल्या, "अजून येतंय. त्याचं काय करू?" तेव्हापासून पाच आठवडे त्या दूध देतायत. दोनशे बारापैकी अडतीस बाटल्या त्यांच्या होत्या. बुधवारी त्या नेहमीसारख्या पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझं कुणाला लागलं का हो?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. फ्रीझर बंद पडला, सगळं ओतावं लागलं.

"सगळं?"

"हो."

त्यांनी पिशवीतल्या बाटल्या टेबलावर काढल्या. मग म्हणाल्या, "मग आज आणलंय ते कुठे ठेवताय?"

दादा, त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले.

सहा दिवस वॉर्डातल्या चौघांना पावडरीचं दूध द्यावं लागलं. त्यातला सगळ्यात लहान नऊशे ग्रॅमचा. त्याचं पोट फुगलं, आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, पावडरीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. नसेल येत. पोरगं काचेच्या पेटीत आहे आणि त्याचा बाप दाराशी भिंतीला पाठ लावून उभा असतो.

चौकशी समिती बसली आहे. समितीने शोध काय लावला? आमच्या मावशींनी शनिवारी सकाळी खोली पुसताना फ्रीझरचं दार नीट लावलं नाही, त्यानेच रिलेवर ताण आला म्हणे! मावशी म्हणजे दूधपेढीत साफसफाई आणि उचलठेव करणाऱ्या मदतनीस. एकोणीस वर्षं झाली, त्यांच्या हातून एक बाटली फुटलेली कुणाला आठवत नाही. त्यांना कालपासून घरी बसवलंय. अलार्म तपासलेला होता, कागदावर तसं आहे, मग तो वाजला का नाही हे कुणी विचारलंच नाही, दोष दाराचाच. त्या जाताना सगळ्यांना सांगत होत्या, "दार मी लावलं होतं. दोनदा ढकलून बघते मी."

शिफारस म्हणजे शिफारस म्हणे.

खवट


१९ जून

दादा,

तुझ्या दुसऱ्या पत्राला अजून उत्तर देत नाही. आधी हे लिहून टाकते, नाहीतर परत राहील.

अलार्म तपासलेला होता असा जो कागद समितीपुढे आहे, तो माझा आहे.

मे महिन्यात कॉम्प्युटर पुन्हा उभा करताना पडद्यावर आलं होतं: "शिफारशीची, बसवली जाणार नाहीत", आणि खाली एकेचाळीस नावं. मी पाहिली. म्हणजे नजर फिरवली. जुनी सवय, शिफारशीचं बसतंच. "जाणार नाहीत" हे दोन शब्द माझ्या डोळ्यांपुढे होते आणि मी एंटर दाबलं. पुढे तपासणीचा तक्ता असतो. चौथी ओळ, "चाचणी मेसेज फोनवर आला". त्यासाठी तापमानाची कांडी फ्रीझरमधून बाहेर काढून दहा मिनिटं थांबायचं असतं. खाली बाह्यरुग्ण विभागात प्रिंटर अडकला होता, तिथून तिसरा फोन आला होता. मी बरोबरची खूण केली, सही केली आणि गेले.

तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे मला माहीत होतं. दुसरं लिहिलं तेव्हाही. लॉग माझ्याकडे होता. सकाळी खोली पुसून झाल्यावरही दुपारपर्यंत पारा उणे वीसलाच आहे, म्हणजे दाराचा काही संबंध नाही हे त्यावरून शेंबडं पोर सांगेल. तो मी समितीला दाखवला नाही. तुला दाखवला! तुझ्यावर तोंडसुख घेत होते आणि तिकडे मावशी घरी बसल्या होत्या. मी मूग गिळून बसले होते. आठ दिवस.

काल समितीपुढे गेले. लॉगची छापील प्रत टेबलावर ठेवली, तक्ता ठेवला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं, की ही खूण खोटी आहे.

हॉस्पिटलचे अधीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही काय बोलताय हे कळतंय का तुम्हाला?"

"आता कळतंय."

"मग आधी का नाही बोललात?"

"भीती वाटली."

त्यांनी चष्मा काढून पुसला.  लेखी ताकीद मिळाली आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली तीन महिन्यांसाठी काढून घेतली. एवढ्यावर सुटले याचीच मला चीड येते.

तिथून मावशींच्या घरी गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आठ दिवस तुम्ही हे घेऊन फिरत होता?"

"हो."

"माझ्या सुनेने शेजाऱ्यांना सांगितलं, आमच्या सासूबाईंना सुट्टी लागलीय."

आणि दार लावलं. दोनदा ढकलून बघितलं. मला आतून आवाज आला.

माझा तुझ्यावरचा राग यामुळे कमी झालाय असं समजू नकोस. चूक माझी आहे म्हणून तुझी नाहीशी होत नाही.

खवट


२ जुलै

दादा,

किल्ली नाही म्हटल्यावर दुपारी वेळच वेळ असतो. तुझ्या मेलिंग लिस्टवरची, म्हणजे पॅकेज मॅनेजर वापरणाऱ्यांच्या सामायिक पत्रपेटीतली, दोन महिन्यांची सगळी पत्रं वाचून काढली.

बऱ्याच शिव्या खातोयस तू. कुणाचं प्रिंटिंग बंद, कुणाच्या पडद्यावर अक्षरांच्या जागी चौकोन, आणि सगळे तुझ्या नावाने शंख करतायत. वाचून आधी बरंच वाटलं. मग आमच्या फ्रीझरवाल्या पॅकेजचा विषय आला. मी तुला लिहिल्यावर तूच तो काढलेला दिसतोय, हॉस्पिटलचं नाव न घेता. त्यावर कुणीतरी विचारलंय, "अलार्मच्या पॅकेजात मेसेज पाठवणारा शिफारशीत टाकणारा हा महाभाग कोण? तो गरजेचा नको?" आणि खाली तुझं उत्तर. "ती चूक माझी. त्या काळी सगळ्या याद्या मी तपासत असे."

मी पॅकेजचा इतिहास उघडला. ओळ आठ वर्षांपूर्वीची. लिहिणाऱ्याचं नाव माझं.

शेजारी टीपसुद्धा आहे माझी, बावीस वर्षांच्या शहाणीची: "मेसेज गेला नाही तरी तापमान लिहिलं जातंच, म्हणून शिफारशीचं पुरे." काय तो आत्मविश्वास! अलार्म लिहून ठेवेल म्हणे. कुणासाठी? सोमवारी येऊन वाचणाऱ्यासाठी?

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं पहिलं पत्र हातात पडलं त्याच दिवशी तू ही ओळ बघितली असणार, मी ओळखते तुला. दीड पान लिहिलंस, सात मुद्दे काढलेस आणि त्यात "ती ओळ तुझी आहे" हा आठवा मुद्दा घातला नाहीस. मी तुला नाही नाही ते बोलत होते आणि तू चारचौघांत माझी चूक आपल्या अंगावर घेत होतास.

तुला वाटत असेल, मी आता पाघळणार.

दादा, माझा संताप झालाय. इतका, की पहिलं पत्र त्यापुढे काहीच नव्हतं. तू मला पुन्हा न विचारता वाचवलंस! दुसऱ्या पत्रात लिहिलंयस ना, यादीतून माझं नाव काढलं ते मला हलकं वाटावं म्हणून, "तुझ्यावर आईचं ओझं होतं, त्यात हे कशाला". मला हलकं वाटलं नाही. आईचं पांघरूण बदलून येऊन मी फोनवर ते पान उघडलं आणि माझं नाव नव्हतं. दिवसातली तेवढी पाच मिनिटं मी माझ्या कामाची माणूस असायचे. तीही गेली. तू फोन करून एकदा विचारलं असतंस, "काढू का?" तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस.

तुला मला वाचवायचं असतं, दादा. माझ्याशी बोलायचं नसतं.

म्हणून काल मी लिस्टवर स्वतःच्या नावाने लिहिलं. ती ओळ माझी आहे, त्याने इथे काय झालं तेही, दोनशे बारासकट. आणि दोन बदल पाठवले. पहिला: अलार्मच्या पॅकेजात मेसेज पाठवणारा गरजेचा, आणि तरीही तो सापडला नाही तर प्रोग्रामने सुरूच व्हायचं नाही. दुसरा: जुन्या यादीतलं शिफारशीचं काही गाळलं जाणार असेल तर पॅकेज मॅनेजरने थांबून, एकेकाचं नाव घेऊन, कशासाठी होतं ते सांगून विचारायचं. नुसत्या एंटरवर पुढे जायचं नाही.

पहिला तू दहा मिनिटांत घेतलास. दुसरा सगळ्यांदेखत नाकारलास. ठीक आहे. आता बघतेच.

खवट


२३ जुलै

दादा,

तीन दिवस भांडलो आपण, तीनशे लोकांसमोर. एकेचाळीस प्रश्न कुणी वाचत नाही, दहाव्या प्रश्नापासून माणूस डोळे मिटून हो म्हणतो, असं तू लिहिलंस. ते बरोबर होतं आणि बरोबर असल्यामुळे मला जास्त झोंबलं. मग फक्त अशांबद्दल विचारायचं ठरलं, ज्यांच्यावाचून एखादं काम गुपचूप बंद पडतं. ती खूण यादीत कुणी करायची यावर अजून एक दिवस गेला. त्या तीन दिवसांत तू मला एकदाही सांभाळून घेतलं नाहीस. "हा विचार अर्धवट आहे" असं तोंडावर लिहिलंस. तीन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याशी बोललास असं वाटलं.

सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव परत घातलेलं पाहिलं. ते आधी काढ. मला हवं असेल तर मी रीतसर अर्ज करीन आणि तुम्ही सगळे मिळून ठरवा.

इकडचं सांगते. नऊशे ग्रॅमवाला तेराशे चाळीसवर आलाय. त्याच्या बापाला आता बसायला स्टूल मिळालंय. शिवणकामवाल्या बाईंचं दूध आता बंद झालं. शेवटच्या सहा बाटल्या याच पोराला गेल्या. हे सिस्टरांनी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वजन विचारलं आणि आकडा हातातल्या मोजपट्टीच्या पाकिटावर लिहून घेतला.

मावशी पंधरा दिवसांपूर्वी कामावर आल्या. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आज तुमची नवी आवृत्ती बसवली. सर्व्हरची किल्ली माझ्याकडे नाही, पण दूधपेढीतलं काम सिस्टरांनी माझ्याकडेच ठेवलंय, फक्त कुणीतरी शेजारी उभं राहून बघायचं अशा अटीवर. मावशी म्हणाल्या, "मी उभी राहते."

मी कांडी बाहेर काढली. दहा मिनिटं थांबलो, दोघीही घड्याळाकडे बघत. तीन फोन वाजले. मावशी म्हणाल्या, "आता ते काढून दाखवा, तेव्हा जे नव्हतं ते." मी मेसेज पाठवणारं पॅकेज मुद्दाम काढलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पडदा लाल झाला. मावशींनी पदराने हात कोरडे केले, पुढे झाल्या आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचलं: "बिघाड झाला तर कळवायला माझ्याकडे कुणी नाही. मी पहारा सुरू करत नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे असं त्याला आधीही बोलता येत होतं?"

"येत होतं."

"मग बोलत का नव्हता?"

मी माझ्या ओळीबद्दल सांगितलं. बावीस वर्षांची होते, काय समजून लिहिलं, एंटर कसं दाबलं, खूण का केली. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हे तुमचं झालं. पण आठ वर्षं ते येत होतं ना आपोआप? ते कुणी बंद केलं? आणि सांगितलं का नाही?"

मला उत्तर माहीत आहे. तुझी सगळी कारणंही आता पाठ आहेत, त्यातली निम्मी मला पटतातसुद्धा. पण मी दिलं नाही. म्हटलं, "ज्याने बंद केलं तो माझा भाऊ आहे. त्यालाच विचारा."

या महिन्यात त्यांची दुपारची पाळी आहे, दोनपासून. ये आणि त्यांना सांग.

खवट